घरची मोटार शर्यतीच्या मार्गावर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून मोटार चालवणे हीच एक परीक्षा असते. निवृत्ती चौकात अर्ध्या शिवाजी पुतळ्याला वळसा घालून रंकाळ्याकडे निघावे, तर समोरून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल येते, बाजूच्या बोळातून म्हैस सावकाश बाहेर पडते आणि मागचा रिक्षावाला भोंगा वाजवत राहतो. ताशी वीस किलोमीटरच्या वर काटा जात नाही. अशाच एका बोळात माझ्या भाच्याची मोटार उभी असते. छोटीशीच आहे, दुसऱ्या हाताची, वजन माणसासकट सुमारे एक हजार किलो. एके दिवशी तो म्हणाला, "मामा, ही गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची आहे. तुम्ही येताय का?"

माझी बहीण, म्हणजे त्याची आई, तिथेच भाजी निवडत होती. ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "तूच त्याला लहानपणापासून असल्या नादाला लावलंस." मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. भाचा लहान असताना त्याला गतीचे नियम मीच शिकवले होते. तेव्हा आरोप अगदीच खोटा नव्हता. मी एक अट घातली: आधी कागदावर गणिते करायची, मग गाडी न्यायची. ती गणिते आज तुमच्यापुढे मांडतो. त्यांतले एक आम्ही मांडले खरे, पण त्याचे उत्तर मनावर घेतले नाही. त्याचे काय झाले तेही सांगतो.

वेगाची हौस आमच्या गावाला नवी नाही. बैलगाडीच्या शर्यती बघायला माणसे कामधंदा टाकून जातात. हुपरी रस्त्याला मोहिते यांचा कार्टिंगचा ट्रॅक झाला आणि तिथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही झाल्या. कार्ट म्हणजे जमिनीला जवळजवळ टेकून धावणारी, छोट्या इंजिनाची उघडी गाडी. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक २०१८ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेत धावला. आमचा बेत मात्र याहून पुष्कळ साधा होता. कोइमतूरजवळ चेट्टीपाळयम येथे २.१ कि.मी. लांबीचा 'करी मोटर स्पीडवे' आहे. एस. करिवर्धन यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले आहे. हे कोइमतूरचे उद्योजक. मारुतीचे इंजिन वापरून त्यांनी 'फॉर्म्युला मारुती' ही शर्यतीची मोटार देशातच तयार केली. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. कोइमतूर काय आणि कोल्हापूर काय, दोन्ही ओतकामाची गावे. आमच्या उद्यमनगरात जन्म गेलेल्या माणसाला तिथे परके वाटू नये.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. नवशिक्याने आपली गाडी ट्रॅकवर नेणे म्हणजे शर्यत नव्हे. तिथे कोणी पहिला येत नाही, बक्षीस नसते. गाड्या थोड्या थोड्या सोडतात, वीस-पंचवीस मिनिटे फिरू देतात, मग बाहेर बोलावतात. ओलांडायचे ते फक्त सरळ भागात, आणि तेही पुढच्याने हाताने खूण केल्यावर. पहिल्या काही फेऱ्या शेजारी शिकवणारा बसतो. पिवळे निशाण दिसले की पुढे धोका आहे, वेग कमी करा. लाल दिसले की सर्वांनी सावकाश परत या. निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. आणि काळ्यापांढऱ्या चौकटींचे म्हणजे वेळ संपली. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, बंद बूट. गाडीतली सुटी वस्तू, म्हणजे पाण्याची बाटली, छत्री, आरशाला टांगलेले लिंबू-मिरची, सगळे बाहेर. ब्रेकच्या पायाखाली गडगडत आलेली बाटली काय करील, याचा विचार तुम्हीच करा.

चहाचे भांडे आणि ब्रेकची डिस्क

आता पहिले गणित. गतिज ऊर्जा म्हणजे ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग, हे तुम्ही नववीत शिकला आहात. ताशी १२० कि.मी. म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. हजार किलोच्या गाडीची ऊर्जा येते सुमारे ५,५६,००० ज्यूल. पुढे वळण आहे म्हणून वेग ताशी ५० कि.मी. पर्यंत, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटरपर्यंत आणायचा आहे. तेव्हा उरणारी ऊर्जा सुमारे ९६,००० ज्यूल. मधले ४,६०,००० ज्यूल गेले कुठे?

ते नाहीसे झाले नाहीत. ब्रेकने त्यांची उष्णता केली. एवढ्या उष्णतेने जवळजवळ दीड लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणता येते. घरात सात-आठ माणसांचा चहा करायला शेगडीवर भांडे ठेवून पाहा, किती मिनिटे लागतात ते. ट्रॅकवर हे काम चार-पाच सेकंदांत उरकते.

यातला सुमारे सत्तर टक्के भार पुढच्या दोन चाकांवर पडतो. का, ते पुढे येईल. म्हणजे पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला १,६१,००० ज्यूल आले. डिस्क बिडाची असते. तिचे वजन चार किलो धरा आणि बिडाची विशिष्ट उष्णता किलोला, अंशाला सुमारे ४६० ज्यूल धरा. भागाकार केलात की उत्तर येते ८७. एकदा ब्रेक दाबला की डिस्कचे तापमान जवळपास ८७ अंश सेल्सिअसने वाढते! थोडी उष्णता लायनरकडे आणि हवेकडे जाते हे खरे, पण हिशेबाचा अंदाज चुकत नाही. एका फेरीत असे जोरात ब्रेक तीन ठिकाणी लागले, आणि फेरी दोन मिनिटांच्या आत संपत असली, तर मधल्या वेळात डिस्क निवायची कशी? चार-पाच फेऱ्यांत ती तीनशे-चारशे अंशांवर सहज जाते.

तुम्ही म्हणाल, घाटात नाही का गाड्या उतरत? उतरतात. पन्हाळा पायथ्याच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची केले की हजार किलोच्या गाडीसाठी ३९,२०,००० ज्यूल होतात. म्हणजे ट्रॅकवरचे साडेआठ ब्रेक, तीन फेऱ्याही नव्हेत. पण पन्हाळा उतरायला आपण आरामात पाव तास लावतो, आणि शहाणा चालक खालचा गिअर टाकून निम्मे काम इंजिनाकडून करून घेतो. ट्रॅकवर तेवढीच ऊर्जा पाच मिनिटांत ब्रेकच्या गळ्यात पडते. ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक वर्गात समजावून सांगताना मी आता हेच उदाहरण देतो.

हे सारे गणित घेऊन आम्ही उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ते कागद बाजूला ठेवले, बोनेट उघडले आणि एकच प्रश्न विचारला, "सर, ब्रेक ऑइल कवा बदललंय?"

भाच्याला ठाऊक नव्हते. गाडी घेतल्यापासून तर नाहीच.

हा प्रश्न इतका मोलाचा का, ते पाहा. ब्रेकच्या पायाचा दाब चाकापर्यंत नेतो तो एक द्रव. द्रव दाबला जात नाही, म्हणून इकडे दिलेला दाब जसाच्या तसा तिकडे पोचतो. हा पास्कलचा नियम. पण या द्रवाला एक खोड आहे. तो हवेतली आर्द्रता शोषून घेतो. नवे 'डॉट ४' प्रतीचे ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. त्यातच ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. 'डॉट ३'ची तर २०५ वरून १४० वर. कोल्हापूरचे तीन-चार पावसाळे खाल्लेल्या ऑइलची काय अवस्था असेल? आणि उकळले की काय होते? वाफ. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. तुम्ही पाय दाबता, तो खाली जातो, आणि सारी ताकद वाफेचे बुडबुडे चेपण्यात खर्च होते. गाडी तशीच पुढे जाते.

मिस्त्री म्हणाले, "बदलून देतो, उद्या या." दुसऱ्या दिवशी भाच्याला रजा नव्हती, तिसऱ्या दिवशी मला परीक्षेचे पेपर होते. मग, गावात तर ब्रेक उत्तम लागतात, असे आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितले आणि तसेच निघालो. बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम असा लांबचा पल्ला गाडीने बिनतक्रार मारला, त्यामुळे आमची खात्री अधिकच पटली. हजार किलोमीटर चांगली चाललेली गाडी दोन किलोमीटरच्या ट्रॅकवर का बिघडेल, असा तो तर्क होता. मी तर पदार्थविज्ञानाचा शिक्षक!

वळण सरळ कसे करायचे?

सकाळी आम्हांला ट्रॅकवरून पायी फिरवले. हा भाग मला सर्वांत आवडला, कारण इथे भूमिती होती.

वळणावर गाडीला आत ओढून धरणारे बल टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून मिळते. घर्षणांक ०.८ धरला, तर वळणावरचा अधिकांत अधिक वेग = वर्गमूळ (०.८ × ९.८ × त्रिज्या). गाडीचे वस्तुमान सूत्रातून उडून जाते, याची नोंद घ्या. त्रिज्या २५ मीटर असेल, तर वेग येतो सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० कि.मी. मग याहून वेगाने कसे जायचे? घर्षण आपल्या हाती नाही. त्रिज्या मात्र आहे!

समजा, काटकोनी वळण आहे आणि रस्त्याच्या मधल्या रेषेची त्रिज्या २५ मीटर आहे. गाडीची रुंदी वजा जाता रस्त्याचे ८ मीटर वापरायला मिळतात. मधल्या रेषेने न जाता बाहेरच्या कडेने वळणात शिरायचे, मध्यावर आतल्या कडेला स्पर्श करायचा आणि निघताना पुन्हा बाहेरच्या कडेला जायचे. अशा मार्गाच्या वर्तुळाची त्रिज्या किती? उत्तर सुमारे ४८ मीटर. जवळजवळ दुप्पट! वेग मग ताशी ५० वरून ७० वर जातो. घर्षण तेच, टायर तेच, गाडी तीच. विश्वास बसत नसेल तर तुमच्या कंपासपेटीत सारे साहित्य आहे.

(हे ट्रॅकवर, जिथे समोरून कोणी येत नाही. अनुस्कुरा किंवा गगनबावड्याच्या घाटात रस्त्याची पलीकडची बाजू दुसऱ्याच्या मालकीची असते.)

यातच नवशिक्याची नेहमीची चूक दडलेली आहे. तो ब्रेक उशिरा लावतो आणि तसाच वळणात शिरतो. टायरजवळ घर्षणाची शिल्लक ठरावीकच असते, आणि ती ब्रेकला व वळण्याला मिळून पुरवायची असते. ही वाटणी साध्या बेरजेने होत नाही, पायथागोरसच्या नियमाने होते. वळण्यासाठी ०.६ भाग वापरला, तर ब्रेकसाठी ०.८ उरतो, कारण ०.३६ आणि ०.६४ मिळून एक होतो. तुमचा ३-४-५ चा त्रिकोण! पण वळण्यासाठीच पूर्ण १ वापरला, तर ब्रेकसाठी शून्य उरते. अशा क्षणी घाबरून ब्रेक दाबणारा गाडी सरळ मातीत नेतो. म्हणून नवशिक्याला पहिला धडा हाच, की ब्रेकचे काम सरळ रस्त्यावर संपवा, मग चाक वळवा.

घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडणे हाही तितकाच वाईट उपाय आहे. ब्रेक लागला की आपण सीटवरून पुढे झुकतो, तसा गाडीचा भारही पुढच्या चाकांवर सरकतो. गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर, दोन आसांमधले अंतर २.४५ मीटर आणि मंदन गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट धरले, तर १,००० × ०.८ × ०.५५ ÷ २.४५ म्हणजे सुमारे १८० किलो भार मागून पुढे येतो. उभ्या गाडीत पुढे ६०० आणि मागे ४०० असेल, तर आता ७८० आणि २२० झाला. (पुढच्या डिस्क जास्त का तापतात, ते कळले ना?) ॲक्सिलरेटर सोडला तर भार इतका सरकत नाही, पण सरकतो खास. वळणाच्या ऐन मध्यावर मागची चाके अशी हलकी झाली, तर त्यांची पकड सुटते आणि गाडीचे शेपूट पुढे यायला बघते.

टायरची हवा हा छोटा विषय. थंड टायरमध्ये ३० अंशांना ३२ पौंड हवा भरली आणि आतली हवा ८० अंशांपर्यंत तापली, तर काटा किती दाखवील? काट्यावरच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवा, निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढवा, पुन्हा १४.७ वजा करा. जवळपास ४० येतात. म्हणून फेऱ्या मारून आल्यावर हवा मोजून थोडी काढतात, आणि घरी निघण्यापूर्वी टायर थंड झाले की पुन्हा भरतात. दुसरी गोष्ट लोक विसरतात.

सहावी फेरी

पहिल्या खेपेला शिकवणारा शेजारी होता. भाचा जपून चालवत होता, सगळे ठीक झाले. दुसऱ्या खेपेला तो एकटा निघाला. मी कठड्याशी उभा राहून फेऱ्या मोजत होतो. पाचव्या फेरीपर्यंत तो सरळ भागाच्या शेवटी त्याच त्या खुणेच्या फलकापाशी ब्रेक लावत होता. सहाव्या फेरीला गाडी फलक ओलांडून गेली तरी मागचे लाल दिवे लागून विझले, पुन्हा लागून विझले, पुन्हा लागले. नाक खाली झुकलेच नाही. तेवढ्यात मी मनात केलेला हिशेब असा: ताशी १२० कि.मी. वेगाने सेकंदाला ३३ मीटर. त्याने वाया घालवलेल्या प्रत्येक सेकंदाला आमच्या अख्ख्या बोळाएवढे अंतर.

सकाळी शिकवणाऱ्याने सांगून ठेवले होते, की पाय खाली गेला तर भराभर दाबत राहा, गिअर खाली आणा, आणि वळायचा हट्ट धरू नका. समोर मोकळी जागा आहे, सरळ जा. भाच्याने नेमके तेच केले. भराभर दाबल्याने वाफ चेपून थोडा दाब मिळतो, खालचा गिअर इंजिनाला ब्रेक बनवतो. गाडी ट्रॅक सोडून मातीत गेली, धुळीचा लोट उठला आणि थांबली. पिवळे निशाण हलले. तो हात बाहेर काढून हलवत होता, तोवर माझा श्वास माझ्यापाशी नव्हता.

आत आल्यावर चाकांपाशी करपल्याचा वास होता. त्याने हँडब्रेक ओढला नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला. तापलेला ब्रेक आवळून ठेवू नये, हेही त्याला सांगितलेले होते. तिथल्या मेकॅनिकने जुने ऑइल बाटलीत काढले. नवे ऑइल फिक्या सोनेरी रंगाचे असते, हे कोऱ्या चहासारखे काळपट होते. ऑइल बदलून नळ्यांतली हवा काढायला तासभर लागला आणि एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा कमी पैसे. आम्ही तीन दिवसांत ज्यासाठी वेळ काढू शकलो नाही, ते काम एवढेच होते.

दुपारी तो पुन्हा गेला. मी नको म्हणणार होतो, पण म्हणालो नाही. त्याने ब्रेकची जागा पाऊण फलक अलीकडे आणली आणि तीन वेगवान फेऱ्यांनंतर एक सावकाश फेरी मारायची, हा नियम स्वतःच ठरवला. डिस्कला निवायला वेळ. पाय शेवटपर्यंत घट्ट राहिला.

तुमच्यापैकी कोणाच्या मनात घरची चावी उचलून मोकळ्या रस्त्यावर हे करून पाहावे असे आले असेल, तर दोन गोष्टी ऐका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. मोठ्यांसाठीही एक सूचना: शर्यत किंवा वेगचाचणीत झालेले नुकसान नेहमीचा मोटार विमा भरून देत नाही. कागद वाचूनच गाडी न्यावी.

मात्र प्रयोग तुम्हांला आजही करता येईल, सायकलवर. शाळेच्या मैदानात खडूने एक रेघ मारा. बेताच्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक लावा आणि किती पावलांवर थांबता ते मोजा. मग दुप्पट वेगाने या. वेग मोजायला मित्राला घड्याळ घेऊन वीस मीटरच्या दोन खुणांपाशी उभे करा. पावले दुप्पट होतात की चौपट? मैदान ओले असताना तोच प्रयोग सावकाश वेगाने करा आणि घर्षणांक काढा. थांबल्यावर रिमला बोट लावून पाहा.

त्या काळपट ऑइलची बाटली आता माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, शेजारी नव्या ऑइलची. बहिणीला आम्ही आल्याच दिवशी सगळे सांगून टाकले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे इथं रंकाळ्यावर भाजी आणायला मला याच गाडीतून नेत होता होय रे तुम्ही?" याचे उत्तर आमच्या दोघांकडेही नव्हते.